नाक मुरडणाऱ्यांचा इतिहास

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या वाईच्या घरात अत्तरदाणी माझ्या हाती असे. मी त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा होतो. बायकांच्या त्या समारंभात पुरुषांना मज्जाव असला, तरी माझ्यासारख्या पोराला कोणी हटकीत नसे. थोरली बहीण गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडीत पुढे चाले, आणि मागून मी एकेकीच्या पालथ्या हातावर अत्तराची काडी ओढीत जाई. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि तो अत्तराचा दरवळ, ह्यांचा त्या दुपारी जो मेळ जमे तो सत्तर वर्षांनंतरही माझ्या स्मरणात ताजा आहे.

एका बाईपुढे मात्र माझी काडी दरवर्षी अडे. ती माझी नमूआत्या. मी जवळ आलो की ती हात पदराखाली घेई आणि हळूच म्हणे, “मला राहू दे रे.” मी घोटाळून उभा राही. तेवढ्यात कोणीतरी वडीलधारी बाई म्हणे, “अगं, सवाष्णीनं अत्तराला नाही म्हणू नये.” मग आत्या मुकाट्याने हात पुढे करी आणि मी कर्तव्य उरकून पुढे जाई. पाव तासाने पाहावे तो आत्या मागच्या दारी विहिरीपाशी राखेने हात घाशीत असे. डोळे लाल झालेले, शिंकांवर शिंका चाललेल्या. दिवेलागणीला ती डोक्याला घट्ट फडके बांधून माजघरात पडलेली असे, आणि ओसरीवर तिच्याविषयी बोलणे चाले. “नाक मुरडायची खोडच आहे तिला,” हा त्या बोलण्याचा ठरलेला शेवट.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि ह्या वाक्याने मला पुष्कळदा विचारात पाडले. आपल्या भाषेने नाकाच्या पदरी मोठी अवघड नोकरी बांधली आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, गर्विष्ठ माणूस नाक वर करून चालतो, शरण यायचे तर नाक घासावे लागते आणि तिरस्कार दाखवायचा तर नाक मुरडावे लागते. नाक म्हणजे मान. तेव्हा एखाद्याचे नाक केवळ शरीरधर्म म्हणून एखादा वास नाकारू शकते, ही गोष्ट आपल्या मनाला सुचतच नाही. वांग्याचे वावडे असलेल्या पाहुण्याला आपण दुसरी भाजी वाढतो, पण अत्तराचे वावडे आहे म्हणणाराला शिष्ट ठरवितो. वास्तविक शब्द एकच आहे, वावडे. ताटातल्या जिनसांपुरता आपण तो मानतो. हवेतल्या जिनसांपर्यंत त्याला जाऊ देत नाही.

ह्याचे कारण इतिहासात सापडते, असे मला वाटते. सुगंध ही आपल्याकडे फार प्राचीन काळापासून देण्याची वस्तू आहे, आणि सुगंधाचा इतिहास लिहिला तो देणारांनी. अबुल फजलाच्या ‘आइने अकबरी’त बादशहाच्या खुशबूखान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सुगंधांच्या कृती आहेत, जिनसांचे भाव आहेत, आणि अंबर व अगरू ह्यांच्या धुराने दरबार सदैव कसा दरवळत असे त्याचे वर्णन आहे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. ऊन गुलाबपाण्यावर आलेली साय तिने थेंबाथेंबाने गोळा केली. तिचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी सभा दरवळून जाते, असे तो लिहितो. सलीमा सुलतान बेगमेने ह्या अत्तराला ‘इत्र-इ-जहांगिरी’ असे नाव दिले आणि शोधकर्तीला मोत्यांचा हार मिळाला. सारी सभा दरवळली, हे बादशहाने नमूद केले. त्या सभेत कोणाचे डोके चढले काय, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

मराठेशाहीच्या दरबारातही अत्तर-गुलाब आणि पानसुपारी ही निरोपाची खूण होती. विडा आणि अत्तर मिळाले की उठावे, हे पाहुण्याने ओळखावयाचे. पुढे इंग्रजांनी राज्य घेतले तशी ही रीतही घेतली. व्हाइसरॉयच्या दरबारात संस्थानिकाला अत्तर-पान खुद्द व्हाइसरॉयने द्यावयाचे आणि त्याच्या लवाजम्यातल्या मंडळींना खालच्या अधिकाऱ्याने, असा काटेकोर शिष्टाचार ठरून गेला होता. अत्तर कोणाच्या हातून मिळाले ह्यावर माणसाचा दर्जा ठरे. जिथे अत्तर हा दर्जाच, तिथे ते नाकारणे हा अधिक्षेपच व्हावयाचा. वाईच्या माजघरात माझ्या आत्याला ज्या न्यायाने हात पुढे करावा लागला, तो न्याय दरबारातून उतरत उतरत तिथवर आला होता.

सुगंधाची विद्याही आपल्याकडे थोर होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार घ्यावी आणि त्यांचे एक, दोन, तीन, चार असे भाग निरनिराळ्या रीतींनी मिसळावे, तर किती गंध होतील ह्याचा हिशेब तो देतो. हा हिशेब १,७४,७२० वर जातो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन आणि धूप ह्यांना मानाची जागा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात ह्या विद्येच्या इतिहासावर अनेक लेख लिहिले आणि गंगाधराचा ‘गंधसार’ व अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. ह्यांतील ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन ह्या सुगंध सिद्ध करण्याच्या क्रियांची चर्चा शतकांपूर्वी आपल्या भाषेतही चालत होती. पावणेदोन लाख गंधांचा हिशेब मांडणाऱ्या ह्या परंपरेची थोरवी मी मानतो. पण माझे काम निराळे होते. मी नमूआत्याचे नाव शोधीत होतो, आणि ते ह्या वह्यांत नव्हते.

ते सापडले वैद्यांच्या पोथीत. एका वैद्यमित्राकडे ‘माधवनिदान’ चाळीत असताना आगंतुक ज्वरांच्या प्रकरणात मी थबकलो. बाहेरून आलेल्या कारणांनी जे ज्वर येतात त्यांत ‘ओषधिगंधज’ असा एक प्रकार दिला आहे, म्हणजे वनस्पतींच्या वासाने येणारा. त्याची लक्षणे मूर्च्छा, डोकेदुखी, ओकारी आणि शिंका. माझ्यापुढे विहिरीचा काठ उभा राहिला. हे वर्णन अत्तराचे नव्हे, उग्र वनस्पतींचे आहे, हे मी विसरत नाही. पण वासाने माणूस आजारी पडतो, आणि तो आजारच असतो, स्वभाव नव्हे, एवढी गोष्ट बाराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला निःशंकपणे मान्य होती. चरकाने तर ह्यामागचे तत्त्वच सांगून ठेविले आहे. इंद्रियांचा आणि त्यांच्या विषयांचा न मानवणारा संयोग हे तो रोगाचे एक मूळ मानतो. घाणेंद्रियाच्या बाबतीत कुजका, किळसवाणा वास बाधक, हे कोणीही सांगेल; परंतु अति तीक्ष्ण आणि उग्र गंध फार घेणे हेही बाधक, असे चरक म्हणतो. एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही, हा सात्म्य-असात्म्याचा विचार आपल्या वैद्यकाच्या पायातच आहे. दरबारातल्या माणसाला जे अपमानास्पद वाटले ते वैद्याला साधे निदान वाटले.

युरोपातही प्रथम वैद्यांनीच ह्या माणसांची नोंद केली. १५६५ साली पाव्हिया येथील लिओनार्दो बोताल्लो ह्या वैद्याने लिहून ठेवले की, गुलाबाच्या वासाने डोके दुखणारी, नाक खाजून शिंका येणारी माणसे आपण पाहिली आहेत. पुढे १८१९ साली जॉन बॉस्टॉक ह्या इंग्रज डॉक्टराने दर उन्हाळ्यात स्वतःलाच होणारा डोळ्यांचा आणि छातीचा त्रास वर्णन केला, आणि १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःच्या नाकावर नि कातडीवर प्रयोग करून दाखविले की, ह्या त्रासाचे कारण गवताचे परागकण होत. दुखण्याला बाहेरचे, दिसणारे कारण सापडले.

पण ह्याच सुमारास गाडी दुसऱ्या रुळावरही गेली. १८८६ साली बाल्टिमोरच्या जॉन मॅकेन्झी ह्या डॉक्टराने एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुलाबाजवळ गेले की शिंकांनी बेजार होणारी एक स्त्री त्यांच्याकडे येत असे. डॉक्टरांनी हुबेहूब खऱ्यासारखा एक कृत्रिम गुलाब मिळविला आणि तिच्यापुढे धरला. त्यात परागाचा कण नव्हता, तरी थोड्याच वेळात तिला शिंका सुरू झाल्या, नाक वाहू लागले. फूल खोटे आहे असे दाखविल्यावर तिला पराकाष्ठेचे आश्चर्य वाटले.

हा प्रयोग खरा आहे आणि त्याचा धडाही खरा आहे. पूर्वी भोगलेल्या त्रासाची शरीराला आठवण राहते आणि नुसत्या चाहुलीनेही ते बचावाला उभे राहते. चिंचेच्या नावाने तोंडाला पाणी सुटते, ते काही ढोंग नसते. परंतु लोकांनी ह्या गोष्टीतून आपल्या सोईचा धडा घेतला. शिंकणाऱ्या बाईचे दुखणे मनाचे, आणि मनाचे म्हणजे खोटे. ओसरीवरच्या बोलण्यालाच जणू शास्त्राचा टिळा लागला. रोगी बहुधा स्त्री आणि वस्तू बहुधा सुंदर, तेव्हा हे निदान करावयास फारसे कष्टही पडत नसत.

आणि नेमक्या त्याच वर्षांत सुगंधाचे स्वरूप पालटत होते. १८६८ साली विल्यम पर्किन ह्याने वाळल्या गवताचा गोड वास देणारे कुमारिन प्रयोगशाळेत बनविले. १८७४ साली जर्मनीत व्हॅनिलीन तयार झाले. १८८२ साली पॅरिसला कृत्रिम कुमारिन घातलेले ‘फूजेर रॉयाल’ हे अत्तर विक्रीस आले. १८८८ साली आल्बेर्ट बाउर स्फोटक द्रव्यांवर काम करीत असता त्याला कस्तुरीचा वास असलेला एक पदार्थ हाती लागला. हिमालयातल्या मृगाच्या नाभीतून येणारी, राजाच्याच पदरी शोभणारी कस्तुरी आता कारखान्यात होऊ लागली. ती स्वस्त झाली. आणि स्वस्त झाली तशी साबणात, तेलात, पावडरीत, पुढे कपडे धुण्याच्या चुऱ्यात आणि फरशी पुसण्याच्या पाण्यातही उतरली. ह्यात सामान्य माणसाचे भले झाले नाही असे मी म्हणणार नाही. जे सुख मूठभरांचे होते ते सर्वांचे झाले. पण एक मोठा फरक पडला. अत्तराची काडी समोर येत होती. ती दिसत होती, क्षणभर थांबत होती. आत्याला निदान “मला राहू दे” असे म्हणता येत होते. नवा सुगंध विचारीत नाही. तो जिन्यात असतो, आगगाडीच्या डब्यात असतो, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीत असतो. त्याच्यापासून पदराखाली घ्यावे असे काही उरत नाही.

ह्या सुगंधाच्या खुणा प्रथम कातडीवर उमटल्या, म्हणून त्यांना नाकारता आले नाही. १९१६ साली फ्रॉइंड ह्या डॉक्टराने कोलन वॉटर लावलेल्या जागी उन्हाने पडणाऱ्या तपकिरी डागांची नोंद केली. गळ्यावर ओघळलेल्या थेंबाच्या वाटेने हे डाग लोलकासारखे उतरत, त्यावरून १९२५ साली त्यांना लोलकाच्या अर्थाचे नाव मिळाले. कारण निघाले बर्गामॉट ह्या लिंबाच्या जातीच्या फळाचे तेल. १९७७ साली अमेरिकेतील वॉल्टर लार्सन ह्यांनी आठ सुगंधी द्रव्यांचे एक मिश्रण सुचविले. त्याची पट्टी पाठीवर चिकटवावयाची, दोन दिवसांनी काढावयाची, आणि खाली कातडी लाल होऊन पुरळ उठते काय ते पाहावयाचे. ही परीक्षा आज जगभर चालते. युरोपीय संघाने २००३ साली सव्वीस सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि ती ठराविक प्रमाणाहून अधिक असतील तर वेष्टनावर नावानिशी छापावी असा नियम केला. २००५ पासून तो अमलात आला आणि २०२३ साली ही यादी ऐंशीच्या वर नेण्यात आली. त्या यादीत कारखान्यातल्या वस्तू आहेत, तशी लवंगेतले युजेनॉल आणि गुलाबातले जिरॅनिऑलही आहेत. निसर्गातले म्हणून निर्दोष, हा समज त्या यादीपुढे टिकत नाही.

ही पट्टी दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या पाठीवर लागली, म्हणून मला ठाऊक. तिच्या मानेवर आणि हातांवर पुरळ उठे, आणि घरात सर्वांनी, मी धरून, तिला सांगितले की तू फार विचार करतेस. पट्टी काढल्यावर सुगंधी मिश्रणाखालची जागा लालभडक झालेली होती. डॉक्टर म्हणाले, हे वावडे एकदा जडले की सहसा जात नाही. टाळणे हाच उपाय. त्या रात्री मला झोप आली नाही. नातीचे दुखणे कातडीचे आहे. आत्याचे नाकाचे आणि डोक्याचे होते. ही दोन दुखणी एक नव्हेत. कातडीच्या वावड्यात शरीरातल्या रक्षक पेशी एखादे द्रव्य शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. नाकाचे प्रकरण निराळे आहे. नाकात वास ओळखणारी नस वेगळी आणि झोंबणे ओळखणारी वेगळी. कांदा चिरताना जाणवते ती ही दुसरी. एखाद्या वासाने पहिली सुखावते आणि दुसरी चेतते, असे होऊ शकते. दमेकऱ्याची श्वासनलिका अशाने आवळते, अर्धशिशीच्या रोग्याचे डोके उठते. ह्यात काही वाटा मनाच्या भीतीचा असतो, तो किती ह्यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. वाद त्रासाच्या कारणाविषयी आहे. त्रास होतो ह्याविषयी तो नाही.

शेवटी हा प्रश्न वैद्यकातून रीतिरिवाजात परत आला. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात १९९० नंतरच्या दशकात रुग्णालये, शाळा आणि कचेऱ्या ह्यांनी सुगंध लावून येऊ नये अशी विनंती करणाऱ्या पाट्या लावल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली आपल्या इमारतींत हवा सुगंधी करणाऱ्या वस्तूंना मनाई केली. डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी स्त्रीने सहकारिणीच्या अत्तराने श्वास घेणे कठीण होते म्हणून शहरावर दावा लावला होता. २०१० साली शहराने एक लाख डॉलर देऊन तो मिटविला. आणि जपानने तर शब्दच घडविला. तिकडे प्रदूषणाला ‘कोगाई’ म्हणतात. त्याच उच्चाराचा, पण सुगंधाची पीडा अशा अर्थाचा दुसरा शब्द लोकांनी रूढ केला. २०२१ साली जपान सरकारच्या पाच खात्यांनी मिळून एक भित्तिपत्रक काढले. त्यात मनाई नाही, दंड नाही. तुमच्या ह्या सुगंधाने कोणाची अडचण तर होत नसेल ना, एवढेच त्यात सौम्यपणे विचारले आहे. मला ही रीत सर्वांत सभ्य वाटली.

आता नमूआत्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती सांगून हे लांबलेले बोलणे संपवितो. १९६४ साली आमचे आतोबा वारले. त्यानंतर आत्या हळदीकुंकवाच्या दिवशी येई ती मागच्या दाराने, आणि स्वयंपाकघरात पाट्यावर डाळ वाटीत बसे. कुंकू नाही, ओटी नाही, गजरा नाही, अत्तर नाही. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो. नव्या विचारांचा वारा प्यालेला होतो. मी तावातावाने म्हणालो, “आत्या, तुला बाहेर बोलवीत नाहीत, ह्याची चीड येत नाही तुला?”

आत्याने वरवंटा थांबविला. “येते रे,” ती म्हणाली. मग बाहेरच्या हसण्याबोलण्याकडे कान देऊन, जवळजवळ लाजत म्हणाली, “पण एक सांगू? आता कुणी आग्रह नाही करीत. दोन चैत्र झाले, माझं डोकं दुखलं नाही.”

मी त्या वेळी हे वाक्य ऐकले आणि विसरलो. नातीच्या पाठीवरची लाल खूण पाहिली त्या रात्री ते परत आले. जे सौभाग्याच्या नावाने दिले जात होते ते तिला बाधत होते, आणि त्यातून सुटायला तिला विधवा व्हावे लागले. ह्यात कोणी दुष्ट नव्हते. आई प्रेमळ होती, शेजारणी चांगल्या होत्या. काडी तर माझ्याच हातात होती.

ती अत्तरदाणी अजून आमच्याकडे आहे. चैत्रात आम्ही ती घासूनपुसून ठेवतो, पण ती आता कोणाच्या हाती फिरत नाही. दाराशी पानसुपारीच्या तबकाशेजारी ती असते. ज्यांना आवडते त्या स्वतः काडी ओढून घेतात. ह्या दिवाळीला नातीसाठी नुसत्या मसुरीच्या पिठाचे उटणे केले आहे. सुनेने ते वेगळ्या वाटीत काढून ठेवले, आणि अभ्यंगाच्या पाटावर बसण्यापूर्वी नातीने ती वाटी एकवार नाकाशी नेऊन पाहिली. तिला आता कोणी हसले नाही.